मोठं आणि ठळक केलं म्हणून शीर्षक होत नाही

वेबसाइट बनवायला आता कोड लिहावा लागत नाही. मजकुराची चौकट माऊसने ओढून हवी तिथे ठेवायची, वरच्या पट्टीतून फॉन्ट निवडायचा, अक्षरं मोठी करायची, रंग द्यायचा आणि ‘पब्लिश’चं बटण दाबायचं. पान तयार होतं आणि बनवणाऱ्याच्या पडद्यावर सुंदरही दिसतं. मग कुणीतरी तेच पान फोनवर उघडतं. शीर्षक चार ओळींत तुटलेलं असतं, एखादा परिच्छेद पडद्याबाहेर गेलेला असतो, मधल्याच एका वाक्याचा फॉन्ट वेगळा असतो. बनवणाऱ्याला काही उमगत नाही, कारण त्याच्याकडे सगळं जागच्या जागी असतं.

एका वाचक गटासाठी मी असंच एक पान बनवलं होतं. गटातल्या एका काकांची नजर अधू झाली आहे. फोनच्या ब्राउझरमध्ये अक्षरांचा आकार वाढवून ते वाचतात. त्यांनी पान उघडलं तेव्हा ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. त्यांनी तक्रार केली नाही. फोन करून एवढंच म्हणाले, ‘पानावर काय लिहिलंयस ते जरा वाचून दाखवतोस का?’ दोन दिवस खपून मी जे सजवलं होतं, ते ज्यांच्यासाठी होतं त्यांनाच वाचता येत नव्हतं. आपण बटणं दाबतो तेव्हा ते सॉफ्टवेअर आतमध्ये नेमकं काय करतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते समजलं की बऱ्याच कोड्यांचा उलगडा होतो, म्हणून सुरुवात तिथूनच.

पान चित्रासारखं दिसतं, पण असतं संहितेसारखं

वेबपान उघडलं की अक्षरं, रंग, चौकटी दिसतात. त्यामुळे हे सगळं चित्रासारखं कुठेतरी साठवून ठेवलेलं असेल, असं वाटतं. प्रत्यक्षात साठवलेला असतो मजकूर आणि त्या मजकुराविषयीच्या सूचना. नाटकाच्या संहितेत कसं, ‘अंक पहिला’ असतं, पात्रांची नावं असतात, संवाद असतात, कोण कुठून प्रवेश करतं ते लिहिलेलं असतं. प्रयोग मात्र दर वेळी नव्याने उभा राहतो. रंगमंच मोठा असेल तर पात्रं पसरून उभी राहतात, लहान असेल तर सरकून घेतात. संहिता तीच असते. वेबपानाचा प्रयोग उभा करतो ब्राउझर, आणि वाचकाचा पडदा हा त्याचा रंगमंच.

या संहितेचे दोन भाग असतात. पहिला एचटीएमएल. मजकुराचा कोणता तुकडा काय आहे, हे तो सांगतो: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, ही लिंक. अशा प्रत्येक खुणेला टॅग म्हणतात. दुसरा भाग सीएसएस. कोणत्या प्रकारचा तुकडा कसा दिसावा, हे त्यात लिहिलेलं असतं: शीर्षकं गडद निळी, परिच्छेदाच्या ओळींमध्ये ऐसपैस अंतर, लिंक अधोरेखित.

आपण वापरतो तो व्हिज्युअल एडिटर हा यातला लेखनिक. आपण माऊसने जे करतो ते पाहून तो आपल्या वतीने या सूचना लिहितो. ‘बी’ बटण दाबलं की ठळक अक्षरांची खूण करतो. चौकट ओढून उजवीकडे नेली की ती डाव्या कडेपासून किती अंतरावर आहे ते टिपून ठेवतो. लेखनिक प्रामाणिक आहे, पण आपल्या मनातलं त्याला कळत नाही. अक्षरं मोठी केली ती नवा भाग सुरू होतो म्हणून, की त्या वाक्यावर जोर हवा म्हणून, की नुसती बरी दिसतात म्हणून, हे त्याने कसं ओळखावं? आपण सांगितलं तरच त्याला कळतं, आणि बहुतेक वेळा आपण ते सांगत नाही.

‘जे दिसतं तेच मिळतं’ हे वचन कागदाचं होतं

अशा सॉफ्टवेअरला ‘विझिविग’ म्हणतात. ‘व्हॉट यू सी इज व्हॉट यू गेट’ची ही आद्याक्षरं; जे दिसतं तेच मिळतं, असा त्यांचा अर्थ. कल्पना वेबपेक्षा जुनी आहे. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७४ मध्ये बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्राव्हो’ नावाचा एडिटर तयार केला. पडद्यावर अक्षरं जशी मांडली तशीच ती कागदावर छापून येऊ लागली. हे वचन पाळणं शक्य होतं, कारण कागदाची लांबी-रुंदी ठरलेली असते. वाचकाच्या हातात गेल्यावर कागद आकार बदलत नाही.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तोही पान वाचण्याबरोबरच लिहिण्याची सोय असलेला होता. पुढे १९९५ मध्ये फ्रंटपेज आलं, १९९७ मध्ये ड्रीमवीव्हर आलं आणि कोड न येणाऱ्या माणसांनाही पानं बनवता येऊ लागली. ही फार मोठी गोष्ट होती आणि आजही आहे. फक्त वापरणाऱ्यांच्या मनात कागदच राहिला. पट्टीवरची बटणं पत्र टाइप करताना दिसायची तशीच होती, त्यामुळे त्यांचा अर्थही तोच असणार, असं सगळ्यांनी धरून घेतलं.

वेबवर आपल्याला जे दिसतं ते आपल्या पडद्याच्या रुंदीत, आपल्या उपकरणातल्या फॉन्टसह, आपल्या सेटिंगप्रमाणे दिसतं. वाचकाकडे या तिन्ही गोष्टी वेगळ्या असतात. पाणी ज्या भांड्यात ओतावं त्याचा आकार घेतं, तसा हा मजकूर वाहता असतो. मला हा वेबचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. एकच पान फोनच्या चिंचोळ्या पडद्यावरही वाचता येतं आणि भिंतीएवढ्या पडद्यावरही, ते यामुळेच. अडचण येते ती आपण पाण्याला विटेसारखं रचायला जातो तेव्हा.

शीर्षक १, शीर्षक २: कुणी न उघडलेली यादी

जवळपास प्रत्येक एडिटरच्या पट्टीत एक छोटी यादी असते. परिच्छेद, शीर्षक १, शीर्षक २, शीर्षक ३ असं तिच्यात लिहिलेलं असतं. बरेच जण ती उघडतच नाहीत. मजकूर निवडायचा, आकार २८ करायचा, ‘बी’ दाबायचं, की झालं शीर्षक. डोळ्यांना ते शीर्षकच वाटतं. संहितेत मात्र तो एक साधा परिच्छेद राहतो, ज्याची अक्षरं मोठी आणि जाड आहेत.

हा फरक सर्वात आधी कळतो तो डोळ्यांनी न वाचणाऱ्यांना. अंध वाचक स्क्रीन रीडर वापरतात, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. आपण जशी पानावरून नजर फिरवतो आणि हवा तो भाग शोधतो, तसं ते एक कळ दाबून एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जातात. मात्र त्यासाठी संहितेत शीर्षकाचा टॅग लागतो. नुसती मोठी अक्षरं असतील तर उडी मारायला तिथे काहीच नसतं, आणि पान पहिल्या शब्दापासून ऐकत बसावं लागतं. बारा उपशीर्षकांचं एखादं लांबलचक माहितीपान त्यांच्यासाठी दारं नसलेली एकच खोली होऊन जातं. सर्च इंजिनंही पान कशाबद्दल आहे हे ठरवताना शीर्षकांची मदत घेतात, आणि फोनमधला ‘रीडिंग मोड’ सजावट काढून टाकतो तेव्हा मागे उरतात ते हे टॅगच.

दुसरा फरक कळतो तो पान बदलायची वेळ आल्यावर. शाळेचा गणवेश बदलायचा असेल तर एक सूचना पुरते. पण प्रत्येक मुलाच्या सदऱ्याला हाताने वेगवेगळा रंग दिलेला असेल, तर एकेकाला गाठून तो रंग धुवावा लागेल. शीर्षक २ हा गणवेश आहे. ‘शीर्षक २ असं दिसेल’ हे एकदा ठरवलं की पुऱ्या साइटवरची त्या पातळीची शीर्षकं एका झटक्यात बदलतात. प्रत्येक ठिकाणी हाताने आकार आणि रंग दिले असतील, तर पन्नास पानं उघडून बसा, आणि एखादं राहून जाणारच.

वेबने हा धडा एकदा सोसून घेतलेला आहे. नव्वदच्या दशकात अक्षरांचा आकार, रंग आणि फॉन्ट मजकुरातच कोंबण्यासाठी ‘फॉन्ट’ नावाचा टॅग वापरला जाऊ लागला. त्या काळचे व्हिज्युअल एडिटरही प्रत्येक शब्दाभोवती तो ओतत असत. पानं फुगली आणि दुरुस्तीच्या पलीकडे गेली. खरं तर उपाय समोर होता. होकन व्हिउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्येच सीएसएसचा प्रस्ताव मांडला होता आणि डिसेंबर १९९६ मध्ये त्याची पहिली अधिकृत आवृत्ती आली. तरी एचटीएमएल ३.२ या जानेवारी १९९७ च्या आवृत्तीत ‘फॉन्ट’ टॅगला जागा मिळाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ४.० आली आणि तो टॅग वापरू नये असं ठरलं. अकरा महिन्यांत आत आणि बाहेर. अर्थ आणि रूप वेगळं ठेवायचं, हे तेव्हापासूनचं सूत्र आहे.

‘पण नीट दिसतंय ना? मग आत काय का असेना’

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागतो आणि तो चुकीचा मुळीच नाही. काम झाल्याशी मतलब असणाऱ्या माणसाचा तो प्रश्न आहे. पण आत जे साचलेलं असतं ते कधी ना कधी बाहेर येतंच. मधल्याच एका वाक्याचा फॉन्ट वेगळा का, याचं उत्तर बहुधा तिथेच सापडतं.

वर्ड प्रोसेसरमध्ये लिहिलेला मजकूर आपण कॉपी करतो आणि वेबच्या एडिटरमध्ये पेस्ट करतो. मजकुरासोबत त्याचा फॉन्ट, आकार, रंग, ओळींमधलं अंतर हे सगळं अदृश्य सामान येतं. आपल्या साइटची स्टाइल त्या वाक्यावर चालत नाही, कारण वाक्याला चिकटून आलेल्या सूचना अधिक जवळच्या असतात आणि ब्राउझर जवळच्या सूचनेचं ऐकतो. पुढे कधी साइटचा रंग बदला, ते वाक्य आपला जुना रंग सोडत नाही. यावर साधा उपाय आहे. कॉम्प्युटरवर पेस्ट करताना कंट्रोल आणि व्हीसोबत शिफ्टही दाबा, म्हणजे बहुतेक ब्राउझरमध्ये नुसता मजकूर येतो. आधीच पेस्ट करून झालं असेल तर पट्टीवर ‘क्लिअर फॉरमॅटिंग’ची खूण शोधा. खोडरबर किंवा फुली मारलेल्या अक्षरासारखी ती दिसते.

मोकळ्या जागेचंही तसंच. स्पेसबार पाच वेळा दाबून मजकूर आत सरकवणं, दोन भागांत अंतर हवं म्हणून चार वेळा एंटर मारणं, ही टंकलेखन यंत्राच्या काळातली सवय. एचटीएमएलमध्ये कितीही स्पेस दिल्या तरी ब्राउझर एकच मोजतो. मग एडिटर आपली इच्छा राखण्यासाठी तिथे न मोडणारी खास स्पेस घालतो, आणि फोनवर ओळ नको तिथे तुटते. एंटर म्हणजे नवा परिच्छेद, शिफ्टसह एंटर म्हणजे त्याच परिच्छेदात नवी ओळ. अंतर हवं असेल तर ते परिच्छेदाच्या किंवा शीर्षकाच्या स्टाइलमध्ये द्यावं.

काकांच्या फोनवर ओळी का चढल्या

माझ्या पानावर प्रत्येक परिच्छेद एका चौकटीत होता आणि चौकटीची उंची मी माऊसने ओढून ठरवली होती. लेखनिकाने ती पिक्सेलमध्ये टिपली. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचं ठरावीक माप. ओळींमधलं अंतरही मी पिक्सेलमध्येच बांधलं होतं. काकांच्या फोनवर अक्षरं मोठी झाली, पण ओळींना आणि चौकटींना मोठं व्हायची परवानगी मी दिलेलीच नव्हती. मग अक्षरं जातील कुठे? ती शेजारच्या ओळीवर आणि खालच्या चौकटीवर गेली.

उलटा प्रकारही होतो. ब्राउझरमध्ये अक्षराचा मूळ आकार साधारणपणे १६ पिक्सेल असतो आणि वाचकाला तो सेटिंगमधून वाढवता येतो. आपण पानावर ‘१४ पिक्सेल’ असं ठोकून लिहिलं तर कॉम्प्युटरवरचा ब्राउझर वाचकाने वाढवलेला आकार बाजूला ठेवतो आणि आपलं ऐकतो. ज्याला मोठी अक्षरं हवीत त्याने मागूनही ती मिळत नाहीत. म्हणून ‘रेम’ हे माप चांगलं. १ रेम म्हणजे वाचकाचा जो मूळ आकार असेल तो. शीर्षकाला २ रेम दिलं की ते वाचकाच्या अक्षराच्या दुप्पट होतं, मग त्याचं मूळ अक्षर १६ चं असो वा २४ चं. बऱ्याच एडिटरमध्ये आकाराच्या आकड्याशेजारी एकक बदलायची सोय असते, फक्त ती बारीक अक्षरांत असते.

मी ते पान पुन्हा केलं. चौकटींची उंची ‘ऑटो’ केली, ओळींमधलं अंतर पिक्सेलऐवजी अक्षराच्या पटीत दिलं, म्हणजे १.७ पट. काकांनी या वेळी ते स्वतः वाचलं आणि तिसऱ्या परिच्छेदातली एक तारीख तपासून बघ, असं कळवलं.

देवनागरीला हवं ते वेगळं

यातली बरीचशी सॉफ्टवेअर रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडलेली आहेत, त्यामुळे मराठी मजकूर सजवताना थोडं अधिक सावध राहावं लागतं. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार असतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. रोमन अक्षरांना पुरणारं ओळींमधलं अंतर आपल्याला अपुरं पडतं. वरच्या ओळीतला दीर्घ उकार खालच्या ओळीतल्या मात्रेला जाऊन भिडतो. माझ्या अनुभवात अक्षराच्या दीडपटीपेक्षा कमी अंतर देऊच नये. शीर्षकांत तर हे फार दिसतं, कारण तिथे ओळी जवळजवळ ठेवण्याची फॅशन आहे.

फॉन्टच्या यादीतून एखादा देखणा फॉन्ट निवडला आणि त्यात देवनागरी अक्षरंच नसली, तर एडिटर तक्रार करत नाही. ब्राउझर गुपचूप उपकरणातला दुसरा देवनागरी फॉन्ट वापरतो. मग प्रत्येक फोनवर वेगळाच फॉन्ट दिसतो, आणि वाक्यात एखादा रोमन शब्द आला तर तो निवडलेल्या फॉन्टमध्ये, बाकीचं वाक्य भलत्याच फॉन्टमध्ये. म्हणून देवनागरी असलेलाच फॉन्ट निवडावा. नोटो सान्स देवनागरी, मुक्ता, बालू असे मोफत आणि चांगले फॉन्ट आज उपलब्ध आहेत. ठळक अक्षरं हवी असतील तर फॉन्टची ठळक आवृत्तीही सोबत घ्यावी. ती नसली की ब्राउझर साध्याच अक्षराला जाड करतो आणि ‘ष्ठ’, ‘क्ष’ यांच्या पोटातली जागा बुजते.

अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची एक पट्टी बऱ्याच एडिटरमध्ये असते. रोमन शीर्षकांना ती शोभा देते. मराठीत ती शिरोरेषा तोडते आणि शब्दाचे सुटे तुकडे होतात. ती शून्यावरच ठेवावी. तिरक्या अक्षरांची परंपराही देवनागरीच्या छपाईत मुळातली नाही. ‘आय’ बटण दाबलं की बहुतेक वेळा ब्राउझर सरळ अक्षरंच वाकडी करून दाखवतो. जोर द्यायला ठळक अक्षरं किंवा अवतरणचिन्हं आपल्याकडे जास्त स्वाभाविक वाटतात.

आणि पानाची भाषा. साइटच्या सेटिंगमध्ये ती ‘मराठी’ निवडा. हे काम एका मिनिटाचं आहे. मराठीतले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं आहेत, त्यात ब्राउझर पानाची भाषा पाहून मराठी रूप वापरू शकतो. स्क्रीन रीडरही कोणत्या भाषेच्या आवाजात वाचायचं, ते यावरूनच ठरवतो.

‘मग डिझाइनला काही वावच नाही का?’

भरपूर आहे, फक्त तो एका वेगळ्या जागी आहे. प्रत्येक वाक्य हाताने रंगवण्यापेक्षा शीर्षक कसं असेल, परिच्छेद कसा असेल, अवतरण कसं असेल हे एकदा मन लावून ठरवणं हेच इथलं डिझाइन. एडिटरमध्ये ‘ग्लोबल स्टाइल्स’ किंवा ‘थीम’ नावाचा विभाग असतो, तिथे हे काम होतं. फिग्मासारख्या सॉफ्टवेअरमध्ये आधी आराखडा करणारे व्यावसायिकही नेमकं हेच करतात. पाच-सहा स्टाइल ठरवतात आणि त्यांच्यापलीकडे जात नाहीत.

रंगांच्या बाबतीत एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक आकड्यात मोजता येतो. सर्वांना वाचता यावं यासाठी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने केलेल्या मार्गदर्शक नियमांत साध्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ सांगितलं आहे. पांढऱ्यावर फिकी करडी अक्षरं कितीही नाजूक दिसली तरी उन्हात उभं राहून फोन पाहणाऱ्याला ती दिसतच नाहीत. हेच नियम असंही सांगतात की अक्षरं २०० टक्के मोठी केली तरी पान वाचता आलं पाहिजे.

एक मोह मात्र टाळावा. शीर्षक मनासारखं दिसत नाही म्हणून ते चित्र करून चिकटवायचं. चित्रातली अक्षरं सहज कॉपी होत नाहीत, शोधात सहसा सापडत नाहीत, भाषांतरात बहुधा येत नाहीत, आणि फोनवर चित्र लहान झालं की तीही लहान होतात.

‘यासाठी कोड शिकावा लागेल?’

नाही. वर सांगितलेलं सगळं पट्टीवरच्या बटणांनी आणि सेटिंगमधून होतं. तपासणीही सोपी आहे. कॉम्प्युटरवर ब्राउझरची खिडकी कडेने धरून फोनएवढी अरुंद करा आणि मजकूर तिच्यात मावतो का ते पाहा. झूम २०० टक्के करा. फोनच्या सेटिंगमधून अक्षरं मोठी करून पान पुन्हा उघडा. आणि एकदा तरी डोळे मिटून पान ऐका. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतं. चालू करण्याआधी ते बंद कसं करायचं ते वाचून ठेवा, कारण ते चालू असताना बोटांच्या खुणा बदलतात.

मी ऐकलं तेव्हा मला सुधारलेल्या पानावरही एक गोष्ट सापडली. पाच वेगवेगळ्या लिंक होत्या आणि पाचही वेळा आवाज म्हणाला, ‘इथे क्लिक करा’. कशासाठी, ते नुसतं ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. आता तिथे ‘मागच्या सभेचा वृत्तांत’, ‘पुढच्या महिन्याचं पुस्तक’ असं लिहिलं आहे.